सल्ला देणारी खुर्ची : अमेरिकी कॉलेजप्रवेशाचा एक इतिहास



आजच्या व्याख्यानात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. एक टेबल आहे. टेबलाच्या अलीकडे सतरा-अठरा वर्षांचं मूल, त्याच्या शेजारी काळजीत पडलेले आईवडील, आणि पलीकडे काऊन्सेलर. मूल विचारतंय : कुठल्या कॉलेजांत अर्ज करू? माझे मार्क पुरतील का? निबंधात काय लिहू? शिष्यवृत्ती मिळेल का? आणि आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न, तोही बहुतेक वेळा ओठांवर न येणारा : एवढा खर्च आपल्याला झेपेल का?

हे दृश्य आता पुण्यात, ठाण्यात, नाशकातही दिसतं. पण ते मूळचं अमेरिकेतलं. आपल्याकडे प्रवेश म्हणजे मार्क, सीईटी, गुणवत्ता यादी. यादीत नाव लागलं तर लागलं, नाही तर नाही. अमेरिकेत निबंध लागतो, शिफारसपत्रं लागतात, खेळ, छंद, समाजसेवा, सगळं लागतं. आणि इतकं सगळं लागतं म्हणूनच सल्लागार लागतो. मग प्रश्न असा येतो, की हे सगळं कधीपासून लागायला लागलं? कुणाला हवं होतं? आणि सल्ल्याच्या त्या खुर्चीवर जो बसतो, तो नक्की कुणाचा माणूस?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. काऊन्सेलर हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण खुर्च्या तीन आहेत. एक शाळेतली : तिचा पगार शाळा देते. दुसरी कॉलेजच्या प्रवेश कचेरीतली : तिचा पगार कॉलेज देतं. तिसरी खाजगी सल्लागाराची : तिची फी पालक देतात, निदान आपल्याला तसं वाटतं. या तीन खुर्च्यांचा इतिहास वेगवेगळा आहे, आणि आजचं माझं म्हणणं एवढंच आहे, की तो इतिहास कळला तर आपण विचारायचे प्रश्न बदलतात.

आता मागे जाऊ. हार्वर्डची स्थापना १६३६ ची. तिथल्या सुरुवातीच्या नियमांत प्रवेशाची अट अगदी सरळ होती : सिसेरोसारखा लॅटिन लेखक समोर ठेवला तर तो तयारीशिवाय वाचून समजला पाहिजे, आणि लॅटिन बोलता-लिहिता आलं पाहिजे. ग्रीक व्याकरणही हवं. परीक्षा तोंडी. ही अट सोपी वाटते, पण तिच्यात एक चाळणी आपोआप होती. लॅटिन शिकवणारा गुरुजी ज्याच्या घराला परवडतो, तोच मुलगा त्या दारापर्यंत पोचायचा. मुलगा म्हणतोय, मुलगी नव्हे. मुलींना तिथे प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती.

पुढची दोनशे वर्षं थोड्याफार फरकाने हेच चाललं. प्रत्येक कॉलेजची आपली वेगळी परीक्षा, तिच्यासाठी कॉलेजात जाऊन बसायचं. कोण येणार, कुठल्या शाळांतून येणार, हे साधारण ठरलेलं. सल्लागाराची गरजच नव्हती, कारण जे येणार होते त्यांच्या घरात कुणीतरी आधी जाऊन आलेलं असायचं. सल्ला जेवणाच्या टेबलावरच मिळायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच काळातलं एक उदाहरण आपल्या घरचं आहे. आनंदीबाई जोशी. आपण त्यांच्याकडे पहिल्या स्त्री-डॉक्टर म्हणून बघतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र त्यांच्याकडे प्रवेशासाठी धडपडणारी विद्यार्थिनी म्हणून बघू. गोपाळराव कोल्हापुरात असताना, १८७८ च्या सुमारास, त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. मागणी काय? पत्नीला अमेरिकेत शिकवायचंय, त्यासाठी मदत हवी. म्हणजे आजच्या भाषेत ही अर्जपूर्व चौकशीच. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि त्यांच्या उत्तराचा सूर असा, की तुम्ही ख्रिस्ती झालात तर मार्ग सोपा होईल. बघा, सल्ला विचारला शिक्षणाचा, उत्तर आलं धर्मांतराचं. वाइल्डर वाईट माणूस होते असं मला म्हणायचं नाही. ते ज्या कामासाठी नेमलेले होते, त्या कामाच्या चष्म्यातून त्यांनी प्रश्नाकडे पाहिलं. सल्लागाराचं असंच असतं.

तोच अंक न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. असं सांगतात, की दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, आणि मग पत्रांमागून पत्रं गेली-आली. कार्पेंटरबाईंना या व्यवहारातून काही मिळवायचं नव्हतं. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा राहायची सोय याच बाईंच्या घरी झाली. त्याच ऑगस्टमध्ये आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं. ते पत्र आजही जपून ठेवलेलं आहे. त्यात त्या आपण काय शिकलो ते सांगतात, प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित पुऱ्या होणार नाहीत हेही उघडपणे सांगतात, आणि मग म्हणतात, की जात आणि आप्तांचा विरोध पत्करून मी इथवर आले आहे, माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय. कॉलेजने प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ ला त्या पदवीधर झाल्या. पुढच्याच फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी, त्या गेल्या.

आज अमेरिकी कॉलेजं 'पर्सनल स्टेटमेंट' म्हणून जो निबंध मागतात, तो आनंदीबाईंनी कुणीही न मागता लिहिला. पण तिथवर पोचायला एक निःस्वार्थी वाचक एका दवाखान्याच्या बाकावर असावी लागली. व्यवस्था नव्हती, योगायोग होता. ज्यांच्या बाबतीत तो योगायोग घडला नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

व्यवस्था यायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. अमेरिकेत सरकारी हायस्कुलं झपाट्याने वाढली. मिशिगन विद्यापीठाने १८७१ च्या सुमारास वेगळीच वाट काढली : विद्यापीठाची माणसं हायस्कुलांत जाऊन तपासणी करायची, आणि जी शाळा पसंत पडेल तिथल्या उत्तीर्ण मुलांना परीक्षेशिवाय प्रवेश. पूर्वेकडच्या जुन्या कॉलेजांनी परीक्षा सोडली नाही, पण निदान ती एक करावी असं ठरलं. १९०० साली कॉलेज बोर्ड स्थापन झालं, आणि १९०१ च्या जूनमध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. बसले किती? ९७३ विद्यार्थी. आपल्याकडे आज एका तालुक्यातून याहून जास्त मुलं बारावीला बसतात.

परीक्षा सामाईक झाली आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नसताना घडली. पेपर सोडवणाऱ्याचं आडनाव पेपराला कळत नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुलं परीक्षा देऊ लागली, आणि पास होऊ लागली. हार्वर्डमध्ये १९०० साली ज्यू विद्यार्थी सात टक्क्यांच्या आसपास होते, १९२२ पर्यंत ते एकवीस टक्क्यांच्या वर गेले. कोलंबियात तर त्याहूनही जास्त.

आता अडचण कळली का? नियम असा होता की परीक्षा पास झाला तर प्रवेश. आणि नको असलेली माणसं परीक्षा पास होत होती. मग काय करायचं? हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी १९२२ मध्ये सरळच सुचवलं, की ज्यूंचं प्रमाण पंधरा टक्क्यांवर रोखावं. गदारोळ झाला, वर्तमानपत्रांत आलं, प्राध्यापकांच्या समितीने १९२३ मध्ये उघड कोटा नाकारला. पण जे दारातून जमलं नाही ते खिडकीतून झालं. १९२६ मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षाची संख्या हजारावर बांधली, आणि निवडीत 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन दिलं. पुढच्या काळात ज्यूंचं प्रमाण जवळपास लोवेलना हवं होतं तिथे येऊन थांबलं. कुणी कोटा शब्द उच्चारला नाही.

आणि इथे जन्माला येतो तो आपल्या ओळखीचा प्रवेश अर्ज. कोलंबियाने कित्येक पानांचा फॉर्म आणला : धर्म कोणता, वडिलांचा जन्म कुठला, आईचं माहेरचं नाव काय, फोटो जोडा, मुलाखतीला या. हार्वर्डच्या फॉर्मवर १९२२ पासून एक प्रश्न होता : तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झाला आहे का? असल्यास खुलासेवार लिहा. आपल्याकडे आडनाव विचारल्यावर पुढचं न विचारताच कळतं ना, तसाच हा प्रश्न. अमेरिकेत गेल्यावर गोल्डबर्गचा गोल्ड झालेला असेल तर तो इथे पकडायचा. डार्टमथने याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, 'निवडीची पद्धत' म्हणून जी आणली तिच्यात देशाच्या वेगवेगळ्या भागांतली मुलं, माजी विद्यार्थ्यांची मुलं, माजी विद्यार्थ्यांनी घ्यायच्या मुलाखती हे सगळं होतं. लांबच्या राज्यातल्या मुलांना प्राधान्य, ऐकायला किती छान! पण ज्यूंची वस्ती न्यूयॉर्क आणि आसपास एकवटलेली होती, हे जोडून वाचलं की त्याचा दुसरा अर्थ लागतो.

बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात होते ते १९१३ ते १९१६. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, आणि प्रवेश पदव्युत्तर विभागात, म्हणजे वेगळ्या दारातून. त्याच विद्यापीठाच्या पदवीच्या कॉलेजात दारावरची ही नवी चाळणी बसत होती, जवळजवळ त्याच वर्षांत. ज्या जागेने एकाला मोकळं केलं, तीच जागा दुसऱ्याच्या आईचं माहेरचं नाव विचारत होती. इतिहासात दोन्ही एकदम खरं असू शकतं.

तर मंडळी, कॉलेजच्या प्रवेश कचेरीतली ती खुर्ची, आपली दुसरी खुर्ची, या काळात मजबूत झाली. निवडायचं तर निवडणारा हवा. तिथला अधिकारी हसून तुमच्या शंकांचं निरसन करतो, आणि ते खोटं नसतं. पण त्याच्या खुर्चीचा जन्म तुमच्या शंकांसाठी झालेला नाही, तुम्हाला पारखण्यासाठी झालेला आहे. आणखी एक बाजू सांगायला हवी. अशी चोखंदळ कॉलेजं मूठभर. बाकीच्या शेकडो कॉलेजांना विद्यार्थी मिळवायची चिंता. त्यांचे प्रतिनिधी गावोगाव फिरायचे. १९३७ मध्ये या प्रतिनिधींची संघटना झाली, पुढे शाळांतले काऊन्सेलरही तिच्यात आले. म्हणजे त्याच खुर्चीवर कुठे राखणदार बसलेला, कुठे विक्रेता. समोर कोण आहे ते ओळखायचं काम मुलाचं.

मग शाळेतली खुर्ची, पहिली, ती कुठून आली? तिचा उगम जास्त हृद्य आहे. बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स नावाचे गृहस्थ होते. १९०८ च्या जानेवारीत त्यांनी गरीब आणि स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतल्या तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली. विचार साधा : स्वतःला ओळखा, कामांची माहिती मिळवा, आणि दोन्हींचा मेळ घाला. त्याच वर्षी ते वारले, पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्यामागे निघालं. ज्या मुलांच्या जेवणाच्या टेबलावर सल्ला मिळत नव्हता, त्यांच्यासाठी ही पहिली खुर्ची मांडलेली होती. कॉलेजसाठी नव्हे, नोकरीसाठी. पण हेतू स्वच्छ होता.

दरम्यान परीक्षाही बदलली. २३ जून १९२६ ला पहिली एसएटी झाली, ८,०४० जण बसले. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न. ती तयार करणाऱ्या कार्ल ब्रिगम यांनी आधी, १९२३ मध्ये, वंशानुसार बुद्धी कमीजास्त असते असं सांगणारं पुस्तक लिहिलं होतं. १९३० मध्ये त्यांनी आपलाच निष्कर्ष निराधार असल्याचं जाहीरपणे लिहिलं. हे फार कमी लोक करतात. पुढे हार्वर्डचे जेम्स कोनंट आणि हेन्री चॉन्सी यांनी हीच परीक्षा लांबच्या गावांतली हुशार मुलं शोधण्यासाठी, १९३४ पासूनच्या शिष्यवृत्त्यांसाठी, वापरली. हत्यार तेच, हात बदलला.

महायुद्धानंतर दार एकदम रुंद झालं. १९४४ च्या जीआय बिलाने परतलेल्या सैनिकांची फी सरकारने भरली, वीस लाखांहून अधिक जण कॉलेजांत गेले. १९४७ मध्ये अमेरिकी कॉलेजांतले निम्म्याच्या जवळपास विद्यार्थी माजी सैनिक होते. अर्थात दक्षिणेतल्या काळ्या सैनिकाला कायदा लागू होता, पण बहुतेक कॉलेजांचं दार बंदच होतं. तरी घरातला पहिलाच कॉलेजात जाणारा माणूस आता हजारोंनी दिसू लागला, आणि त्याला विचारायला घरी कुणी नव्हतं.

मग ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. अमेरिका हादरली. आपली हुशार मुलं वाया जातायत, ती शोधून विज्ञानाकडे, इंजिनिअरिंगकडे वळवली पाहिजेत, असं ठरलं. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यात शाळांना चाचण्या घेण्यासाठी आणि काऊन्सेलर नेमण्यासाठी, त्यांना तयार करण्यासाठी पैसे मिळाले. कायद्याच्या नावात बघा, संरक्षण हा शब्द आहे. पार्सन्सची खुर्ची आता देशाच्या कामाला लागली. कोनंट यांनीच १९५९ च्या आपल्या पुस्तकात सुचवलं, की अडीचशे ते तीनशे मुलांमागे एक पूर्णवेळ काऊन्सेलर हवा. आज साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. तिथल्या शालेय काऊन्सेलरांची संघटना अजून तेच म्हणते, अडीचशेला एक. देशाची सरासरी मात्र अजूनही त्याहून बरीच वर आहे. आणि त्या एका माणसाकडे कॉलेजचे अर्जच नाहीत, वेळापत्रकं आहेत, भांडणं आहेत, घरची संकटं आहेत. एका मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी किती मिनिटं येत असतील, हिशोब करा.

आणि त्या मिनिटांत होतं काय? साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन अभ्यास आले. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजबद्दल लिहिलं. तिथे मुलं यायची ती पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जायच्या इच्छेने. काऊन्सेलर 'नाही' म्हणायचा नाही. चाचणीचे आकडे दाखवायचा, एखाद्या वेगळ्या कोर्सकडे बोट दाखवायचा, पुढच्या भेटीत परत तेच. हळूहळू मुलाला स्वतःलाच वाटायला लागायचं की आपली झेप इतकीच. क्लार्क यांनी याला 'थंड करणं' म्हटलं. हा शब्द मूळचा ठकांच्या टोळीतला : फसवलेल्या गिऱ्हाइकाने बोंब मारू नये म्हणून एक जण मागे थांबून त्याची समजूत घालतो, ते थंड करणं. १९६३ मध्ये आरोन सिकूरेल आणि जॉन किटसूस यांनी एका मोठ्या हायस्कूलचा अभ्यास करून दाखवलं, की कुठलं मूल कॉलेजच्या वाटेवर टाकायचं हे काऊन्सेलर ठरवतो तेव्हा मार्कांबरोबर घर कसं, वागणं कसं, याच्या त्याच्या मनातल्या कल्पनाही काम करतात.

हे फक्त अभ्यासकांचं बोलणं नव्हे. मिशेल ओबामा यांनी २०१८ च्या आत्मचरित्रात सांगितलंय, की शिकागोच्या त्यांच्या शाळेतल्या कॉलेज काऊन्सेलरने पहिल्याच छोट्याशा भेटीत सुचवलं, तुम्ही प्रिन्स्टनच्या तोडीच्या आहात असं वाटत नाही. त्यांचा भाऊ तेव्हा प्रिन्स्टनमध्येच शिकत होता, म्हणजे सल्ला जेवणाच्या टेबलावर होता. त्यांनी शाळेतल्या ओळखीच्या उपमुख्याध्यापकांकडून शिफारस घेतली आणि प्रवेश मिळवला. भाऊ नसता तर?

एक मात्र न्यायाने सांगितलं पाहिजे. याच काळात उलट बाजूचंही काम झालं. १९६४-६५ पासून गरीब घरच्या मुलांसाठी 'अपवर्ड बाउंड'सारखे सरकारी कार्यक्रम आले. १९७२ मध्ये गरजू विद्यार्थ्यांसाठी थेट अनुदान आलं, ज्याला पुढे पेल ग्रँट म्हणू लागले. १९७५ मध्ये पंधरा खाजगी कॉलेजांनी मिळून एक सामाईक अर्ज काढला, म्हणजे पंधरा ठिकाणी पंधरा वेळा तेच लिहायला नको. चांगल्या काऊन्सेलरांनी हजारो मुलांची आयुष्यं वळणावर आणली. त्यांच्यावर कुणी अभ्यास लिहिला नाही, कारण चांगलं झालेलं काम दिसत नाही.

आता तिसरी खुर्ची. शाळेतल्या काऊन्सेलरला वेळ नाही, कॉलेजं मागतात ते वाढतच चाललंय, मग ज्याच्याकडे पैसे आहेत तो वेळ विकत घेतो. सत्तरच्या दशकापासून खाजगी सल्लागार हा रीतसर धंदा झाला. त्यातले बरेच सचोटीने काम करतात. पण टोक कुठवर जातं ते मार्च २०१९ मध्ये जगाने पाहिलं. रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन परीक्षेतल्या उत्तरपत्रिका बदलून घ्यायचा, आणि जी मुलं खेळत नव्हती त्यांना खेळाडू म्हणून प्रशिक्षकांमार्फत आत घ्यायचा. तो याला 'बाजूचं दार' म्हणायचा. २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पण बाजूचं दार असतं कुठे? जिथे पुढचं दार धूसर असतं तिथे. १९२६ मध्ये जी धूसरता मुद्दाम आणली, तीच पुढे विकायला निघाली.

त्याच धूसरतेवर २०२३ च्या २९ जूनला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची हार्वर्डची पद्धत बेकायदा ठरली. खटल्यात एक मुद्दा असा होता, की आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी पडतात. खालच्या न्यायालयाने जाणूनबुजून भेदभाव केल्याचं मान्य केलं नव्हतं. निकालाबद्दल मतभेद आहेत आणि राहतील. वंचितांना पुढे आणण्याचं एक साधन गेलं, असं म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मला फक्त एवढंच दाखवायचंय, की व्यक्तिमत्त्वाचे गुण हा शंभर वर्षांपूर्वीचा शब्द अजून न्यायालयात उभा होता.

बरं, मग सल्ल्याने फरक पडतो तरी का? याचं एक सुंदर उत्तर मिशिगनमधून मिळतं. मिशिगन विद्यापीठात गरीब घरच्या हुशार मुलांना तसंही फीचा भार फारसा पडत नव्हता, मदत मिळतच होती. पण मुलांना ते माहीत नव्हतं, आणि अर्जाआधी खात्री नव्हती. सुझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या घरी एक ठसठशीत पाकीट पाठवलं : प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी माफ, त्यासाठी वेगळे आर्थिक फॉर्म नकोत. ज्यांना पाकीट मिळालं त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांनी अर्ज केला. ज्यांना नाही मिळालं त्यांच्यातल्या २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारेही दुपटीहून जास्त झाले. जास्तीचा पैसा फारसा नव्हता. आईवडिलांच्या ओठांवर न येणारा तो प्रश्न होता ना, झेपेल का, त्याचं उत्तर कुणी विचारायच्या आधी घरपोच आलं. उलट, नुसती माहितीपत्रकं मोठ्या प्रमाणावर वाटण्याचे प्रयोगही झाले, त्यांचा असा परिणाम दिसला नाही. माहिती आणि हमी यांत फरक आहे. गरीब माणसाला माहितीची पत्रकं पुष्कळ मिळतात, त्याला शब्द हवा असतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घराशी आहे. अमेरिकी कायद्यात १९९२ पासून अशी तरतूद आहे, की सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजने विद्यार्थी आणण्याबद्दल कुणाला डोक्यामागे दलाली देऊ नये. कारण उघड आहे : दलाली आली की सल्ला वाकतो. पण त्याच तरतुदीत एक अपवाद आहे. परदेशात राहणारे, तिथल्या सरकारी मदतीला पात्र नसलेले विद्यार्थी. म्हणजे ओहायोतल्या मुलामागे दलाली चालत नाही, साताऱ्याच्या मुलामागे चालते. मी म्हटलं होतं ना, तिसऱ्या खुर्चीची फी पालक देतात असं आपल्याला वाटतं? काही ठिकाणी सल्ला 'फुकट' असतो, कारण पैसे दुसऱ्या बाजूने येतात. काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी. प्रत्येक जण तसा नाही, आणि दलाली घेणारा प्रत्येक जण चुकीचाच सल्ला देतो असंही नाही. पण घराची फाईल बँकेत गहाण टाकायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

म्हणून काऊन्सेलरसमोर बसाल तेव्हा मार्क पुरतील का हा प्रश्न जरूर विचारा, पण त्याआधी चार प्रश्न विचारा. तुम्हाला कुठल्या विद्यापीठाकडून पैसे मिळतात का, आणि कुठल्या? तुमच्या यादीत नसलेली, पण माझ्या मुलाला योग्य अशी कॉलेजं कोणती? चार वर्षांचा पुरा खर्च, राहण्या-खाण्यासकट, लेखी द्याल का? आणि हे माझ्या मुलाला जमणार नाही असं तुम्ही म्हणताय, ते कशावरून? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्याचा हेतू स्वच्छ आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि ज्यांच्या घरातून कुणी आधी जाऊन आलंय, त्यांच्यासाठी एक विनंती. तुमच्या जेवणाच्या टेबलावर जो सल्ला फुकट मिळतो, तो शेजारच्या घरात नसतो. कार्पेंटरबाईंनी एक पत्र लिहिलं होतं. तेवढं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.